रंगनाथ कोतवालाची जबानी

या हकीकतीत एका बाईचं नाव यायला हवं, पण ते मी लिहिणार नाही. गावाचंही लिहिणार नाही. झरीच्या बाजाराला जाणारं एक गाव, एवढं पुरे. बाईला मी नुसतं 'ती' म्हणेन. हा शहाणपणा मला फार उशिरा सुचलाय. तो सुचायला आमच्या गावच्या कोतवालाची नोकरी जायची वेळ यावी लागली, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो.

रंगनाथ मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप, चुलते सगळे रानोमाळ हिंडलेले. ओढ्याच्या पल्याड गेलेली मेंढरं नुसत्या हाकेनं माघारी वळवायची, हे त्याचं पोरपणीचं शिक्षण. शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंत. उंच, किडकिडीत माणूस, डोक्याला मळकं उपरणं, आणि खिशात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले सरकारी कागद. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, चावडी झाडायची, तहसीलला टपाल न्यायचं आणि गावात दवंडी द्यायची. आता सरकारनं त्याला महसूल सेवक असं भारदस्त नाव दिलंय. आमच्याकडं ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

मी गावचा पोस्टमास्तर. एका खोलीचं पोस्ट, मारुतीच्या देवळासमोर. टपाल वाटायचं मीच, शिक्के मीच मारायचे, सायकलवर फिरायचंही मीच. रंगनाथ आणि मी रोज चहा बरोबर घ्यायचो. पण खरं सांगतो, त्याला बरोबरीचा मी कधी मानला नाही. मी मॅट्रिक, माझं अक्षर गावात नावाजलेलं, आणि हा ओरडायची नोकरी करणारा. 'रंगनाथ, तुझ्या आवाजामुळंच सरकारनं तारा बंद केल्या' असं मी चारचौघांत म्हणायचो. तो हसायचा.

त्याची एक खोड होती. कागदावर जेवढं असेल तेवढं सगळं तो दवंडीत वाचायचा. जावक क्रमांक वाचायचा, 'प्रत माहितीसाठी सादर' वाचायचा. एकदा तर खाली छापलेलं 'स्वाक्षरीत' सुद्धा त्यानं भोंग्यावरून वाचलं आणि पोरं आठवडाभर एकमेकांना 'स्वाक्षरीत' म्हणून हाका मारत हिंडली. पण ही खोड उगीच लागलेली नव्हती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जमिनीच्या फेरफाराची एक नोटीस त्यानं ऊन फार झालं म्हणून अर्धवट वाचली. शेवटच्या चार ओळी गाळल्या. त्या चार ओळींत भिवराबाई नावाच्या म्हातारीच्या हिश्श्याचा गट नंबर होता. हरकत घ्यायची मुदत निघून गेली आणि म्हातारीचा हिस्सा पुतण्यांच्या नावावर चढला. ती भांडली नाही. रंगनाथच्या दारात दिवसभर तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या दिवसापासून रंगनाथनं ठरवलं, गाळायचं म्हणून काही नाही. लोक हसले तरी बेहत्तर.

मागच्या साली जानेवारीत तहसीलहून निराधार योजनेची एक यादी आली. बँक खात्याला आधार जोडलेलं नाही अशा अकरा लोकांची. तलाठ्यानं कागद रंगनाथच्या हातात दिला आणि तो पुढच्या गावाला गेला. 'दवंडी दे, उद्या चावडीवर बोलाव' एवढंच सांगून. यादीत चार रकाने होते. अनुक्रमांक, नाव, वय आणि पगार, म्हणजे महिन्याची सरकारी मदत, कशासाठी मंजूर झाला त्याचं कारण.

सकाळी आठ वाजता रंगनाथ देवळातल्या भोंग्यापाशी उभा राहिला. मी पोस्टात टपाल लावत होतो. नाव, वय, विधवा. नाव, वय, अपंग. नाव, वय, नवऱ्यानं सोडलेली. असं चाललं होतं, आणि त्याच एकसुरी आवाजात सातवा नंबर आला. तिचं नाव, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव, वय चौतीस, दुर्धर आजार, एचआयव्ही बाधित. मग आठवा नंबर.

दवंडी तीनदा द्यायची असा आमच्याकडं रिवाज आहे. पहिल्या खेपेला गाव गप्प झालं. दुसऱ्या खेपेला लोक घरातून बाहेर आले. तिसऱ्या खेपेला लोक सातव्या नंबराची वाट बघत होते. मीही बघत होतो. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण तसंच होतं. तीनदा वाचायला दहा-बारा मिनिटं गेली असतील. माझ्या टेबलापासून भोंग्याची वायर चाळीस पावलांवर. मी उठलो नाही.

तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा काविळीनं गेला असं सांगितलं होतं, आणि गावानं ते मानलं होतं. ती दर महिन्याला परभणीला गोळ्या आणायला जायची. कंबर दुखते म्हणायची. कापूस वेचायची, खुरपायची, सहावीतल्या मुलीला नीटनेटकी ठेवायची. त्या सकाळी ती गावाजवळच्याच एका रानात कापूस वेचत होती. आवाज तिथंवर सहज जात होता. बरोबरीच्या बाया हळूहळू तिच्यापासून दोन-दोन ओळी सरकल्या, असं मला नंतर कळलं.

त्यानंतर कुणी तिला वाईट बोललं नाही. हे आम्ही अजूनही अभिमानानं सांगतो. फक्त वेचणीला बोलावणं बंद झालं. नळावर तिचा हंडा भरला की पुढची बाई तोटी धुऊन घ्यायची. शाळेत खिचडी वाटताना मुलीचं ताट दाराजवळ मांडायला लागले. आणि कुणी विचारलंच तर, तिनंच सगळ्यांना सांगितलं, असं म्हणायची पद्धत पडली.

रंगनाथला आपण काय केलं ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळलंच नव्हतं. त्याची बायको धुरपताबाई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुमी आज काय वाचलाव, ठाव हाय का तुमाला?" तो म्हणाला, यादी वाचली. मग तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला, पण चहाला हात लावला नाही.

"मास्तर, वाचताना मी ऐकत न्हाई," तो म्हणाला. "तोंड वाचतंय, कान बंद असतेत. खरं सांगायलोय."

तो सकाळीच तिच्या दारात जाऊन आला होता. माफी मागायला. पण त्याला हळू बोलणं ठाऊक कुठं होतं? "ताई, माझ्याकडून लय मोठा गुन्हा झाला," एवढं तो म्हणाला तोच शेजारच्या तीन दारांतून डोकी बाहेर आली.

"मामा, हळू बोला," ती म्हणाली. "आजून कुणाकुणाला सांगायचं राहिलंय?"

हे मला सांगताना तो बाईमाणसासारखा रडला असं मी तेव्हा गावात सांगितलं होतं. तेही मी सांगायला नको होतं. त्या दिवसानंतर रंगनाथनं भोंग्याला हात लावला नाही. नोटिसा घरोघर जाऊन द्यायचा आणि तिच्या गल्लीचं काम असलं की दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा. स्वतः लांबच्या वाटेनं वळसा घालून जायचा.

महिन्याभरानं ती पोस्टात आली. हातात जाड पाकीट, रजिस्टर करायचं. परभणीला जिथून ती गोळ्या आणते, तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं होतं की २०१७ सालचा कायदा आहे. माणसाच्या मर्जीशिवाय त्याचा हा आजार कुणालाही जाहीर करता येत नाही, सरकारी माणसाला तर नाहीच. आणि त्याच्या तक्रारी ऐकायला लोकपाल आहे. तिची मागणी साधी होती. हे भोंग्यावरून वाचलं गेलं, तिनं स्वतः सांगितलं नाही, एवढं कुणीतरी लिहून द्यावं. शाळेनं मुलीचं ताट पुन्हा ओळीत मांडावं. आणि अशी यादी पुन्हा कुठल्या गावात वाचली जाऊ नये. हे सगळं मला पुढं निकालातून कळलं. त्या दिवशी मी फक्त पाकिटावरचा लोकपालाचा पत्ता वाचला.

"मास्तर, हे कुणाला कळू देऊ नका," ती म्हणाली.

"पोस्टातलं पोस्टात राहतं," मी म्हणालो. वजन केलं, तिकिटं लावली, पावती दिली.

आणि त्याच दिवशी चार वाजता हॉटेलात सरपंच परमेश्वरला सांगितलं. का सांगितलं याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला त्यातून काही मिळणार नव्हतं. तिच्यावर राग नव्हता. खबर आपल्याकडं आधी आली, एवढाच मोठेपणा. रंगनाथच्या हातून नकळत झालं. मी पत्ता दोनदा वाचून, पक्कं समजून, खुर्ची जवळ ओढून सांगितलं.

परमेश्वर तसा दुष्ट माणूस नाही. पण गावाचं नाव निघेल, शाळेवर येईल, वरून पथक येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं लोकपालाकडं द्यायला गावाचं एक निवेदन तयार करायचं ठरवलं. दवंडीच्या दिवशी भोंगा बिघडलेला होता, खरखरीत काही समजत नव्हतं, कोतवालानं फक्त नावं वाचली, आजाराचं बाईनं स्वतःच लोकांना सांगितलं. मजकूर त्याचा, अक्षर माझं. एकोणीस सह्या झाल्या. पहिली माझी.

रंगनाथला चावडीवर बोलावून परमेश्वर म्हणाला, "तू नुस्ती नावं वाचलास, बस. एवढंच बोल. रिटायरला दीड वर्स ऱ्हायलंय तुजं. नोकरी घालवून घेऊ नको."

रंगनाथनं निवेदनाची झेरॉक्स घडी करून कॅरीबॅगमध्ये ठेवली. तिची सगळी तक्रार आता त्याच्या जबानीवर अडली होती. एकोणीस लोक एका बाजूला आणि ज्यानं वाचलं तोही त्याच बाजूला गेला, तर ती खोटी ठरणार होती. आणि मग ती गावात राहिली असती कशी, हा प्रश्न आम्हा एकोणीस जणांपैकी एकालाही पडला नाही.

सुनावणी परभणीला झाली, एका सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर. रंगनाथ, परमेश्वर आणि मी सकाळच्या एसटीनं गेलो. लोकपाल म्हणून एक मॅडम होत्या. कोर्टासारखा पुकारा नाही, गर्दी नाही. दार आतून लावलेलं. मला पहिल्यांदा आत घेतलं. ती कोपऱ्यात समुपदेशक बाईंच्या शेजारी बसली होती, पदर घट्ट घेऊन.

मॅडम म्हणाल्या, "इथं अर्जदाराचं नाव कुणीही घ्यायचं नाही. कागदावरही नाव नाही. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही. समजलं?"

समजलं, म्हणालो. एका बाईचं नाव घेऊ नका म्हणून एवढं मोठं दार लावून बसतात, याचं मला तेव्हा थोडं हसू आलं होतं. कोणत्या तोंडानं आलं, कोण जाणे.

"दवंडी झाली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"पोस्टात."

"पोस्टापासून भोंगा किती लांब?"

"चाळीस पावलं असेल."

"काय ऐकू आलं?"

"भोंगा बिघडला होता, मॅडम. काही समजलं नाही."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मी एकदाच तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. रागानं नव्हे. तिकिटं लावून झाली का, असं पोस्टात उभी राहून बघायची, तसं. मी सही केली आणि बाहेर आलो.

मग रंगनाथ आत गेला आणि दार लागलं. मी आणि परमेश्वर बाहेर बाकावर बसलो. मला वाटलं होतं, आता दार असलं काय आणि नसलं काय, सगळा मजला ऐकेल. पण आतून काहीच येईना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मी लाज सोडून दाराला कान लावला. कुजबुजीपलीकडं काही नाही.

"भ्यालाय," परमेश्वर खूश होऊन म्हणाला. "तोंडच उघडंना झालंय. बरं झालं."

अर्ध्या तासानं रंगनाथ बाहेर आला. उपरण्यानं तोंड पुसलं आणि जिना उतरायला लागला. परमेश्वरला परभणीत काम होतं. परतीच्या एसटीत आम्ही दोघंच होतो. झरी मागं पडल्यावर तो माझ्या कानाशी आला.

"मास्तर, मी खरं सांगितलं. सगळे रकाने वाचलो म्हणलं. तीन बार वाचलो म्हणलं. भोंगा चांगला होता म्हणलं."

"आणि नोकरी?"

"मॅडम म्हणल्या, मोठ्यानं बोला. मी म्हणलं, न्हाई जमत. तुमी ऐकलाव, तिनं ऐकलं, बास झालं. भायेर कामून जावं ते?"

माझ्या जबानीचं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं पटकन झालं. चौकशी लागली आणि रंगनाथला कामावरून थांबवलं. परमेश्वरनं बोलणं टाकलं, मग बाकीच्यांनी टाकलं. एकोणीस जणांना खोटं पाडणारा माणूस गावाला कसा खपावा? रंगनाथनं भावाकडून चार मेंढ्या आणल्या आणि पुन्हा रानात जायला लागला. मेंढ्यांना आता तो हाक मारत नाही, चालत जाऊन वळवतो. मी एकदा म्हणालो, तू फार मोठं काम केलंस. तो चिडला. माझ्यावर चिडलेला मी त्याला तेवढ्या एकाच वेळी पाहिला.

"कसलं मोठं काम, मास्तर? तिचं वाटुळं केलं मीच. आन् वर मला शाबासकी द्यायलाव? तिच्या लेकीला भायेर बशीवलं त्ये माझ्या तोंडानं. तोंड दाखवायला जागा न्हाई मला."

महिन्याभरानं दोन रजिस्टर पाकिटं एकाच दिवशी आली. एक त्याचं, एक तिचं. आधी मी त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, तुम्हीच वाचा. धुरपताबाईनं दार लोटून घेतलं आणि मी हळू आवाजात निकाल वाचला. कोतवालाच्या स्वतःच्या जबानीवरून आजार जाहीर झाल्याचं सिद्ध होतं. चूक एकट्या कोतवालाची नाही, असा कागद दवंडीला देणाऱ्या कार्यालयाची आधी आहे. कारणाचा रकाना यापुढं कुठल्याही यादीत लावायचा नाही, वाचायचा नाही. शाळेला लेखी समज. अर्जदाराला भरपाई. कोतवालानं खरं सांगितलं याची नोंद त्याच्या चौकशीत घ्यावी.

मधे एक ओळ होती. 'साक्षीदार क्रमांक एक हा भोंग्यापासून चाळीस पावलांवर होता. त्याची साक्ष जाणूनबुजून खोटी दिलेली दिसते.' अर्जदाराची ओळख फुटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं होतं, साक्षीदारांचीही गाळली होती. ती ओळ मी रंगनाथला वाचून दाखवली नाही. डोळे पुढच्या ओळीवर नेले. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं कागद हातात घेतला, बोट ठेवून सावकाश वाचत गेला आणि त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. थोड्या वेळानं ते पुढं सरकलं. धुरपताबाईनं चहा ठेवला होता, तो मी न घेताच उठलो.

मग तिच्या दारात गेलो. तिनं सही केली आणि माझ्यासमोर उभ्यानंच पाकीट फोडलं. मी निघायला हवं होतं. पण मी सायकल धरून तिथंच उभा राहिलो. ती पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत राहिली. आत मुलगी पाढे म्हणत होती. एके ठिकाणी ती परत मागं आली, पुन्हा वाचलं, आणि कागद मिटला.

"एक नंबरचा साक्षीदार म्हंजी तुमीच ना, मास्तर?"

मी सायकलच्या कॅरिअरवरचं टपाल नीट करायला लागलो.

"यात नाव न्हाई तुमचं," ती म्हणाली. "बरं झालं. पाकिटाची खबर सरपंचाला तुमीच देलती, त्ये बी मला म्हाईत होतं. मॅडमला सांगितलं न्हाई मी. तुमची नोकरी गेली आस्ती." मग आवाज आणखी खाली आणून, शेजारच्या दाराकडं एकदा बघून, ती म्हणाली, "भिऊ नका. मी कुणाला सांगणार न्हाई."

आणि तिनं आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही.